म्युनिक फिरायचंय? आधी वार मांडा, मग तिकिटं काढा

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून कुणाचे तरी आई-बाबा, मावशी-काका नाहीतर नवीन लग्न झालेली जोडी इकडे म्युनिकला येते आणि दर वेळी चुका त्याच होतात. सोमवारी म्युझियमच्या बंद दारासमोर उभे, रविवारी दुकानं बंद म्हणून घरात दूध नाही, आणि नॉयश्वानश्टाइन महालाचा ११ वाजताचा स्लॉट बुक केलेला पण गाडीच फ्युसेनला, म्हणजे महालाजवळच्या स्टेशनला, पोचते १२ च्या सुमारास. लोक लिस्ट बनवतात काय काय बघायचं त्याची, आणि ती लिस्ट बहुतेक वेळा बरोबरच असते, पण कुठला दिवस कुठल्या वारी येतोय हे कुणी बघत नाही. मी इथे राहते, घरी पाहुणे येत असतात, त्यामुळे खाली जो क्रम देतेय तो वापरून वापरून पक्का झालेला आहे. चार दिवस धरलेत. तीनच असतील तर काय गाळायचं तेही पुढे सांगते.

टप्पा १: कागदावर वार मांडा

विमानाची तिकिटं झाली की पहिलं काम हे. एक कागद घ्या, तारखांसमोर वार लिहा आणि ह्या चार गोष्टी बघा.

रविवार: सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, फिक्टुआलिएनमार्क्ट नावाचा मध्यवर्ती बाजार, सगळं बंद. मेन स्टेशन आणि एअरपोर्टवरची थोडी दुकानं उघडी असतात, बाकी जवळजवळ काही नाही. बायर्न (बव्हेरिया) राज्यात इतर दिवशीही दुकानं रात्री ८ ला बंद होतात, त्यामुळे "फिरून आलो की ९ ला घेऊ" हे इथे चालत नाही. पण ह्याच रविवारी आल्टे पिनाकोटेक, पिनाकोटेक डेअर मोडेर्ने, ब्रांडहोर्स्ट ह्या मोठ्या आर्ट म्युझियमचं तिकीट फक्त १ युरो असतं. म्हणजे रविवार म्युझियमला आणि खरेदी शनिवारी.

सोमवार: वरची तिन्ही म्युझियम बंद. बीएमडब्ल्यू म्युझियमही सोमवारी बंद असतं. मात्र विज्ञान-तंत्रज्ञानाचं डॉइचेस म्युझियम रोज उघडं असतं, त्यामुळे सोमवार आला तर डोळे झाकून तिथे जा.

सुट्ट्या: सणाच्या सुट्टीला शहर रविवारसारखंच बंद असतं. आपल्या लोकांना हमखास न सुचणारी तारीख म्हणजे १५ ऑगस्ट, तो दिवस म्युनिकमध्येही सुट्टीचा आहे, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण असतो. तसंच ६ जानेवारी, ३ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर.

ऑक्टोबरफेस्ट: नाव ऑक्टोबर असलं तरी हा बिअरचा उत्सव सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. २०२६ मध्ये १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर आहे. त्या दिवसांत हॉटेलचे दर कित्येक पटींनी वाढतात. फेस्ट बघायचाच नसेल तर त्या पंधरवड्यात येऊच नका, तोच पैसा दुसऱ्या महिन्यात दुप्पट दिवस पुरतो.

तपासा: कागदावर रविवार आणि सोमवार ह्या दोन वारांना काय बघणार ते लिहिलं का? ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: नॉयश्वानश्टाइनचा स्लॉट, बाकी सगळ्याच्या आधी

डोंगरावरचा तो पांढरा महाल, ज्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, तो म्युनिकमध्ये नाही. तिथून साधारण दोन तास रेल्वेने फ्युसेन, मग बसने होहेनश्वानगाउ नावाचं खालचं गाव, आणि मग वर चढण. आत फक्त गाइडेड टूरने जाता येतं, तिकिटावर ठरलेली वेळ असते आणि ती वेळ हुकली की तिकीट गेलं, दुसऱ्या बॅचमध्ये घेत नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये लुडविग दुसरा ह्या राजाचे महाल युनेस्कोच्या यादीत आले, त्यामुळे उन्हाळ्यात जागेवर तिकीट मिळेल ह्या भरवशावर जाऊ नका. तारीख ठरली की ऑनलाइन काढून टाका.

आता स्लॉट कितीचा घ्यायचा? इथेच सगळे चुकतात, म्हणून हिशोब नीट मांडते. बहुतेक जण स्वस्त पडतं म्हणून बायर्न तिकीट घेतात, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर लोकल-रिजनल गाड्या. पण सोमवार ते शुक्रवार हे तिकीट सकाळी ९ नंतरच चालतं. म्हणजे ९ नंतरची गाडी, दोन तास प्रवास, फ्युसेनला पोचेपर्यंत १२ च्या आसपास, स्टेशनबाहेरून ७३ किंवा ७८ नंबरची बस, दहा मिनिटं पण बसला रांग असते, गावात पोचायला साडेबारा, तिथून चालत वर अर्धा ते पाऊण तास. मधे बाथरूम, पाणी, फोटो. त्यामुळे आठवड्याच्या दिवशी दुपारी २ च्या आधीचा स्लॉट घेऊच नका, वयस्कर लोक असतील तर अडीच.

शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी बायर्न तिकीट मध्यरात्रीपासूनच चालतं. तेव्हा ७ च्या आसपासची गाडी पकडली तर ११ चा स्लॉट आरामात मिळतो. पण गर्दीही तेव्हाच जास्त. मी तरी पाहुण्यांना मंगळवार ते गुरुवार दुपारचा स्लॉट घ्यायला लावते.

सावधान: जर्मनीत राहणाऱ्या मुलांकडे डॉइचलांड तिकीट (देशभरातल्या लोकल-रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास) असतं, त्याला ९ ची अट नाही. त्यांच्या हिशोबाने स्लॉट बुक होतो आणि मग आई-बाबांसाठी बायर्न तिकीट काढलं की सगळं कोलमडतं. ग्रुपमधल्या सगळ्यांची तिकिटं एकदम लक्षात घेऊन वेळ ठरवा.

टप्पा ३: शहरातलं तिकीट आणि तो शिक्का

म्युनिकमध्ये स्टेशनवर गेट नाहीत. कुणी अडवत नाही, सरळ खाली उतरून गाडीत बसता येतं, आणि म्हणूनच नवीन माणूस फसतो. कागदी तिकिटावर तारीख-वेळ छापलेली नसेल तर प्लॅटफॉर्मवर जाण्याआधी ते मशीनमध्ये घालून शिक्का मारायला लागतो. जिन्याच्या तोंडाशी खांबावर एक छोटा डबा असतो, त्यावर 'ई' अक्षर, खाली फट. तिकिटाचं टोक त्यात सरकवलं की टक् असा आवाज येतो आणि कडेला बारीक आकडे उमटतात. आकडे उमटले की नाही हे डोळ्यांनी बघा, नुसत्या आवाजावर जाऊ नका. माझ्या मामांकडे पूर्ण दिवसाचं तिकीट होतं, खिशात घडी करून जपून ठेवलेलं, फक्त शिक्का नव्हता. साध्या कपड्यातल्या तपासनीसाने ६० युरोचा दंड लावला आणि मामा दिवसभर गप्प होते. त्यांना वाईट पैशाचं वाटलं नाही, आपण फुकटे ठरलो ह्याचं वाटलं. म्हणून हे एवढं लिहितेय.

मोबाइलवर काढलेल्या तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ते गाडीत बसायच्या आधी काढलेलं पाहिजे. चढल्यावर घाईघाईने काढलं तर तपासनीसाला वेळ दिसते.

कुठलं तिकीट घ्यायचं:

एकटे असाल तर दिवसाचं तिकीट, टागेसकार्टे. दोघं किंवा जास्त असाल तर ग्रुपचं दिवसाचं तिकीट, पाच मोठ्यांपर्यंत एकच, त्यात ६ ते १४ वर्षांची दोन मुलं मिळून एक मोठा माणूस धरतात. दिवसाचं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत चालतं.

झोन: शहर म्हणजे झोन 'एम'. एअरपोर्ट झोन ५ मध्ये आहे, तेव्हा एअरपोर्टच्या दिवशी 'एम ते ५' घ्या. डाखाउ (छळछावणीचं स्मारक, टप्पा ७) झोन १ मध्ये. बाकी फिरणं 'एम'मध्येच होतं, उगीच मोठा झोन घेऊ नका.

तपासा: वीकेंडला जात असाल तर आदल्या रात्री एमव्हीव्ही ह्या शहर वाहतूक संस्थेच्या अॅपवर बघा. शहराच्या मधून जाणारा एस-बानचा (लोकल ट्रेनचा) मुख्य भुयारी मार्ग कामासाठी अधूनमधून बंद असतो, तेव्हा बदली बस असते आणि वेळ बराच जास्त लागतो.

टप्पा ४: पिशवीत काय हवं

ह्यावर फार वेळ घालवत नाही. १ आणि २ युरोची नाणी (म्युझियमचे लॉकर, पैसे घेणारी टॉयलेट), छोट्या दुकानांसाठी थोडी कॅश, पाण्याची बाटली, जून-जुलैमध्येसुद्धा एक जाकीट कारण पाऊस आला की एकदम गारठा पडतो, आणि चांगले चालून मऊ झालेले बूट. नवे कोरे बूट घालून येऊ नका, दगडी फरशीवर दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं होतं.

सावधान: भारतातून येताना बॅगेत तूप, पेढे, खव्याची मिठाई, पनीर असं काही आणू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात. चिवडा, लाडू (तुपाचे नकोत), कोरड्या चटण्या आणा.

टप्पा ५: पहिला दिवस, शहराचा मध्य

विमानातून उतरल्याच्या दिवशी काही ठेवू नका. दुसऱ्या दिवसापासून मोजा.

१. साडेदहाला मारियनप्लात्स ह्या मुख्य चौकात पोचा. नव्या टाउनहॉलच्या मनोऱ्यावर बाहुल्यांचं घड्याळ आहे, ते रोज ११ आणि १२ ला वाजतं, मार्च ते ऑक्टोबर संध्याकाळी ५ लाही. आता हे कसं बघायचं ते सांगते, कारण निम्मी गर्दी मधेच निघून जाते. ११ ला आधी नुसत्या घंटा वाजतात, बाहुल्या हलतच नाहीत, लोकांना वाटतं बिघडलंय. थांबा. काही मिनिटांनी वरचा मजला फिरायला लागतो, राजघराण्यातल्या १५६८ च्या लग्नाची मिरवणूक, मग घोड्यावरचे दोन स्वार भाले रोखून समोरासमोर येतात. पहिल्या फेरीत काही होत नाही, दुसऱ्या फेरीत निळ्या-पांढऱ्या रंगाचा बायर्नचा स्वार दुसऱ्याला पाडतो, तो मागे कलंडतो तेव्हा खालून मुलं ओरडतात. मग खालच्या मजल्यावर पिंपं बनवणाऱ्या कारागिरांचा नाच. आणि हे सगळं संपलं असं वाटल्यावर अगदी वर सोनेरी कोंबडा आरवतो. तो आरवला की मगच हला. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. उभं राहायला माशाच्या कारंज्याच्या बाजूला जागा धरा, अगदी मनोऱ्याखाली उभं राहिलं तर मान दुखते आणि दिसतही नाही.

२. वरून शहर बघायचं असेल तर दोन पर्याय. सेंट पीटर चर्चचा मनोरा, ज्याला इथे 'आल्टर पेटर' म्हणतात, त्याला ३०६ पायऱ्या, जिना अरुंद, वरून येणाऱ्यांना वाट द्यावी लागते. टाउनहॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना लिफ्टवालाच. पण हवा स्वच्छ असेल आणि पाय चांगले असतील तर आल्टर पेटरच, कारण तिथून टाउनहॉल समोर दिसतो आणि दक्षिणेला आल्प्सची रांग.

३. दुपारी फिक्टुआलिएनमार्क्टमध्ये जेवण (जेवणाचं खाली सविस्तर आहे), मग चालत रेसिडेन्झ राजवाड्याच्या बाजूने होफगार्टन बाग आणि पुढे इंग्लिश गार्डन.

सावधान: इंग्लिश गार्डनमधल्या आइसबाख ओढ्यात उन्हाळ्यात पोरं उड्या मारताना दिसतात. तुम्ही उतरू नका. पाणी बर्फासारखं आणि ओढ जबरदस्त आहे, माणसं बुडाली आहेत.

आणि सगळीकडे लक्षात ठेवायची गोष्ट: फुटपाथच्या बाजूची पट्टी सायकलींची असते, कधी रंग वेगळा, कधी नुसती रेघ. तिथे उभं राहून फोटो काढू नका, सायकली जोरात येतात.

टप्पा ६: नॉयश्वानश्टाइनचा दिवस

१. हाउप्टबानहोफ म्हणजे मेन स्टेशनवर गाडीच्या वीस मिनिटं आधी पोचा. तिथे वर्षानुवर्षं बांधकाम चालू आहे, रस्ते बदलतात, आणि २७ ते ३६ नंबरचे प्लॅटफॉर्म मुख्य भागापासून बरेच लांब, एका बाजूच्या विंगमध्ये आहेत. बोर्डवर २७ च्या पुढचा आकडा दिसला की थांबू नका, चालायला लागा.

२. बायर्न तिकिटावर सगळ्यांची नावं लिहा. रिकामी जागा ठेवली तर तिकीट ग्राह्य धरत नाहीत. आणि हे तिकीट आयसीई किंवा आयसी ह्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही.

३. गाडी डायरेक्ट नसेल तर बुखलोए किंवा काउफबॉयरेनला बदलायची. बदलायला कमी मिनिटं असतात, दार उघडायच्या आधी उठून तयार राहा.

४. गावात उतरल्यावर वर जायचे तीन रस्ते. चालत, शटल बस, घोडागाडी. बस मारियनब्रुके ह्या पुलाजवळ सोडते, तिथून महालाकडे उतार आहे. घोडागाडी महालाच्या खाली सोडते, तिथून पुन्हा दहा-पंधरा मिनिटं चढ, हे कुणी सांगत नाही आणि आजी-आजोबा तिथे अडकतात. म्हणून वयस्कर लोकांना बस. बर्फ असेल तर मात्र बस बंद आणि पूलही बंद होऊ शकतो.

५. आधी पूल, मग महाल. तो प्रसिद्ध फोटो पुलावरूनच येतो, आणि आतली टूर झाल्यावर परत चढून पुलापर्यंत जायचा उत्साह कुणाला नसतो. पुलावर गर्दी असते, खाली खोल घळ आहे, उंचीची भीती असेल तर टोकाला उभं राहिलं तरी महाल दिसतो.

६. स्लॉटच्या दहा मिनिटं आधी अंगणातल्या गेटसमोर. तिकिटावरचा टूर नंबर बोर्डवर लागला की आत. टूर साधारण अर्धा तास. आत फोटो काढायला बंदी आहे, मोठ्या सॅक आणि बाबागाडी चालत नाही. आतही बऱ्याच पायऱ्या आहेत.

तपासा: परतीच्या गाड्या साधारण तासातासाने असतात. गावातून फ्युसेनला जायची बस गाडीच्या निदान अर्धा तास आधीची पकडा.

तीनच दिवस हातात असतील आणि बरोबर लहान मूल किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर माझं स्पष्ट मत, हा दिवस गाळा आणि त्याऐवजी शहरातच ट्रामने निम्फेनबुर्ग राजवाड्याला जा. बाग फुकट आहे, सपाट आहे, तळ्यात हंस आहेत, आणि कुणी थकत नाही.

टप्पा ७: म्युझियम आणि डाखाउ, एका दिवशी दोन्ही नको

म्युझियमचं वार टप्पा १ मध्ये ठरलंच आहे. आल्टे पिनाकोटेकमध्ये ड्युरर ह्या जर्मन चित्रकाराने १५०० साली काढलेलं स्वतःचं चित्र आहे, समोरून सरळ आपल्याकडे बघणारा चेहरा, निदान तेवढ्यासाठी तरी जा. नॉये पिनाकोटेक दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद आहे, नावं सारखी असल्याने लोक तिथे जाऊन उभे राहतात. डॉइचेस म्युझियममध्येही काही दालनं नूतनीकरणासाठी बंद आहेत, पण उघडी आहेत तीच अर्धा दिवस खातात.

डाखाउचा छळछावणीचा स्मारक परिसर मात्र वेगळा दिवस मागतो. एस२ ने डाखाउ स्टेशन, तिथून ७२६ नंबरची बस. प्रवेश फुकट. १९३३ मध्ये नाझींनी उघडलेली ही छावणी, २९ एप्रिल १९४५ ला मुक्त झाली. इथे दोन लाखांवर लोक कैदेत होते आणि चाळीस हजारांवर माणसं मेली. तीन-चार तास ठेवा, ऑडिओ गाइड घ्या. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका. दारावर, भट्ट्यांपाशी सेल्फी काढू नका, आत खाऊ नका, मोठ्याने बोलू नका. आणि सकाळी डाखाउ, संध्याकाळी बिअर गार्डन असा प्लॅन करू नका. मी एकदा केला होता. संध्याकाळी आमच्या टेबलावर कुणालाच बोलावंसं वाटत नव्हतं. संध्याकाळ मोकळी ठेवा.

टप्पा ८: जेवण, खास करून शाकाहारी लोकांसाठी

म्युनिकच्या पारंपरिक बिअर गार्डनमध्ये स्वतःचं खाणं आणून खाता येतं. हो, नियमच आहे तसा, फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं. ज्या टेबलांवर कापड घातलेलं नाही ती सेल्फ सर्व्हिसची टेबलं, तिथेच बसायचं, कापड घातलेल्या टेबलावर वेटर येतो आणि तिथे डबा उघडायचा नाही. माझी आई आली होती तेव्हा आमच्या किचनमध्ये तिने दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं, आणि आम्ही चेस्टनटच्या झाडाखाली लाकडी बाकावर डबे उघडले. शेजारचं जर्मन कुटुंबही घरून चीज, मुळा आणि ब्रेड घेऊन आलं होतं, त्यांनी सुरीने मुळ्याच्या पातळ चकत्या करून मीठ लावलं आणि आईकडे एक बशी सरकवली. आईने त्यांना दशमी दिली. ग्लासवर डिपॉझिट असतं, टोकन मिळालं असेल तर जपा, ग्लास परत दिला की पैसे परत.

काय घ्यायचं आणि कुठे फसायला होतं:

राडलर हे सरबत नाही, निम्मी बिअर असते. न पिणाऱ्यांनी आप्फेलशोर्ले (सफरचंदाचा रस आणि सोडा) किंवा श्पेत्सी (कोला आणि संत्र्याचं पेय) मागावं.

बटाट्याचं सॅलड बघून शाकाहारी लोक निश्चिंत होतात, पण बायर्नमध्ये ते बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात करतात. विचारा. ओबात्सडा नावाच्या चीजमध्ये थोडी बिअर घातलेली असू शकते. केझश्पेत्सले, म्हणजे चीज घातलेले छोटे पिठाचे तुकडे, हे मांसाशिवायचं आणि पोटभरीचं, वरून तळलेला कांदा, पण पिठात अंडं असतं. अंडं चालत असेल तर झेमेलक्नोडेल (पावाचे उकडलेले गोळे) चालतात, श्पेकक्नोडेल नाही, त्यात डुकराचं मांस असतं. वाक्य एकच पाठ करा: "ओने फ्लाइश, ओने फिश, ओने ब्र्यूए", मांस नको, मासा नको, मांसाचं पाणी नको.

नुसतं पाणी मागितलं तर सोड्याचं येतं आणि पैसे पडतात. साधं हवं असेल तर "श्टिलेस वासर" म्हणा.

टप्पा ९: परतीचा दिवस

दुकानातून घेतलेल्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या टाकू नका, बहुतेकींवर २५ सेंट डिपॉझिट आहे, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातल्या की पावती मिळते आणि ती काउंटरवर वटते. निघायच्या दिवशी रविवार असेल तर हे काम शनिवारीच उरका.

एअरपोर्टला एस१ आणि एस८ दोन्ही जातात, साधारण पाऊण तास. सामान असेल तर मी एस८ सांगते. एस१ ची गाडी नॉयफार्न स्टेशनवर तुटते, काही डबे एअरपोर्टला जातात आणि काही फ्राइझिंगला. एस१ मध्येच बसावं लागलं तर डब्यावरच्या बोर्डवर 'फ्लूगहाफेन' (एअरपोर्ट) लिहिलंय का ते बघूनच चढा, आणि चुकीच्या डब्यात बसलात हे वाटेत कळलं तर घाबरू नका, नॉयफार्नच्या आधीच्या कुठल्याही स्टेशनवर उतरून त्याच प्लॅटफॉर्मवरून बरोबर डब्यात चढा.